तळाच्या घोटाचा न्याय

हापूस देवगडचा चांगला की रत्नागिरीचा, मिसळ कोल्हापूरची खरी की नाशिकची, असल्या वादांवर पोसलेल्या मराठी माणसाला एक नियम वेगळा शिकवावा लागत नाही. फरक जितका बारीक, भांडण तितकं जाड. हापूस आणि तोतापुरी यांच्यावरून कुठल्याही पंगतीत कुणी हमरीतुमरीवर येत नाही. एक हापूस आणि दुसरा हापूस समोर ठेवा, की सख्खे भाऊ एकमेकांचं ताट बघेनासे होतात. या नियमाचं सर्वांत फेसाळ उदाहरण जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात सापडतं. तिथली गव्हाची बिअर, म्हणजे वाइसबिअर, घ्या. एर्डिंगर, पाउलानर, फ्रान्झिस्कानर, वायनश्टेफानर आणि श्नायडर ही पाच मातब्बर घराणी. पाचांचा रंग पिवळसर ते तांबूस, पाचही ढगाळ, पाचांचं मद्याचं प्रमाण पाच ते साडेपाच टक्के, पाचही अर्ध्या लिटरच्या उंच ग्लासात येतात आणि पाचांच्या डोक्यावर चार बोटं फेस असतो. परग्रहावरून आलेल्या पाहुण्याला ही एकच बिअर पाच वेळा दिली असं वाटेल. आणि तरीही यातली श्रेष्ठ कोणती, या प्रश्नावर सभ्य माणसं आवाज चढवतात. वाद घालू नये असं मी म्हणणार नाही; वाद हा बिअरबरोबरचा सर्वांत स्वस्त चखणा आहे. माझं म्हणणं इतकंच की इथे कसोटी चुकीच्या टोकाला लावली जाते. लोक पहिला घोट घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देऊन टाकतात. गव्हाच्या बिअरचा निकाल द्यायचा असतो तो ग्लासाच्या तळाशी उरलेल्या शेवटच्या घोटावर.

आधी आरोपीची ओळख. जर्मन नियमानुसार वाइसबिअर म्हणवून घ्यायचं तर माल्टमध्ये निदान अर्धा वाटा गव्हाचा हवा, उरलेला जवाचा. माल्ट या शब्दाला बिचकायचं कारण नाही. धान्य भिजवायचं, मोड आणायचे आणि वाढ थांबावी म्हणून वाळवायचं, म्हणजे माल्ट. उसळीसाठी मटकीला मोड आणणाऱ्या घरातली निम्मी विद्या इथेच लागू पडते. गव्हाची भरपूर प्रथिनं फेसाला टेका देतात आणि बिअरला तो ढगाळपणा आणतात. पण चवीच्या खात्यात गव्हाची जमा फार नाही. थोडा मऊपणा, थोडी पावाची आठवण, की गहू मागच्या रांगेत जाऊन बसतो. पुढे येऊन गातं ते यीस्ट, आणि गातं ते दोन सुरांत: केळं आणि लवंग. बिअरमध्ये केळं ऐकून नाक मुरडणाऱ्या वाचकाला एवढंच विचारावंसं वाटतं, की शिकरण-पोळी ज्या संस्कृतीनं पक्वान्न म्हणून वाढली, तिनं गहू आणि केळं यांच्या सोयरिकीला नावं ठेवावीत का? फरक एवढाच की आपण केळं कुस्करून घालतो, आणि बव्हेरियन माणूस केळं न घालता केळ्याचा वास आणतो. पिंपात केळंही पडत नाही आणि लवंगही पडत नाही. सगळी करामत एका पेशीच्या जिवाची.

ही करामत कशी होते ते पाहण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. यीस्ट साखर खातं आणि मद्य व कार्बन डायऑक्साइड देतं, हे शाळेत शिकवतात. शाळेत शिकवत नाहीत ते असं, की जेवता जेवता ते इतरही उद्योग करतं. त्यातल्या एका उद्योगातून आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट नावाचं द्रव्य तयार होतं. पिकल्या केळ्याचा वास तो हाच. केळ्याच्या स्वादाच्या स्वस्त गोळ्यांतही हेच असतं. मधमाशी डंख मारताना बाकीच्यांना ‘चला, हल्ला’ म्हणून जो गंध सोडते, त्यातही मुख्य द्रव्य हेच. तेव्हा वाइसबिअरची बाटली पोळ्याखाली उघडू नये, इतका व्यावहारिक सल्ला रसायनशास्त्र देऊन ठेवतं. लवंगेची गोष्ट निराळी. धान्यात फेरुलिक आम्ल असतं. माल्ट पाण्यात भिजवताना पंचेचाळीस अंशांच्या आसपास थोडं थांबलं, की ते मोकळं होतं आणि वाइसबिअरचं यीस्ट त्याचं रूपांतर लवंगेसारख्या वासाच्या द्रव्यात करतं. गंमत म्हणजे हाच लवंगेचा वास पिल्सनरसारख्या लागर बिअरमध्ये आला, तर तज्ज्ञ त्याला दोष म्हणतात आणि पिंपच्या पिंप ओतून देण्याची भाषा करतात. एका घरचा दिवटा तो दुसऱ्या घरचा दिवा. शिवाय दोन्ही सूर एकाच यीस्टच्या गळ्यातून निघत असल्यामुळे एकाला वर काढलं की दुसरा दबतो. आंबवण्याचं तापमान वाढवलं की केळं मातायला लागतं. भिजवण्याच्या पायरीवर जास्त थांबलं की लवंग चढते. वाइसबिअर करणं म्हणजे सासू आणि सून यांना एकाच स्वयंपाकघरात नांदवणं.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक घराण्याचा काही गुप्त मसाला असेल की! नाही. ती वाट पाचशे वर्षांपूर्वीच बंद झाली. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट इथे बव्हेरियाचे ड्यूक विल्हेल्म चौथा आणि लुडविग दहावा या भावांनी फर्मान काढलं, की बिअरमध्ये जव, कडूपणा देणारी हॉप्सची फुलं आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. त्याच फर्मानात बिअरचे हिवाळी आणि उन्हाळी दरही बांधून दिले होते. म्हणजे शुद्धतेची आणि भाववाढीची काळजी सरकारला तेव्हाही एकाच श्वासात वाटत होती. यीस्टचा त्यात उल्लेख नाही, आणि गव्हाचाही नाही. गहू पावासाठी राखायचा, असा विचार त्यामागे होता असं मानतात. थोडक्यात, ज्या कायद्याचा आज बव्हेरियन बिअरवाले अभिमानानं छाप मारतात, त्या कायद्याप्रमाणे वाइसबिअर बेकायदा होती. मग ती टिकली कशी? जशा आपल्याकडे अनेक गोष्टी टिकतात तशीच, खास परवान्यावर. १५४८ साली याच विल्हेल्म चौथ्यानं डेगेनबर्ग नावाच्या सरदार घराण्याला गव्हाची बिअर गाळण्याची मुभा दिली. नियम सगळ्यांना, सूट ओळखीच्यांना. १६०२ साली या घराण्याचा शेवटचा वारस निपुत्रिक वारला, हक्क राज्यकर्त्यांकडे परत आला, आणि ड्यूक माक्सिमिलियन पहिला याला एकाएकी साक्षात्कार झाला की गव्हाच्या बिअरमध्ये वाईट असं काहीच नाही. त्यानं ठिकठिकाणी सरकारी ब्रुअऱ्या उभारल्या आणि मक्तेदारीचा पैसा तिजोरीत ओढला. नैतिक आक्षेप महसुलात किती सहज विरघळतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. आपल्या वादापुरता मुद्दा असा, की गुप्त मसाल्याला जागा नाही. सगळ्यांचं सामान तेच, पाणी-जव-गहू-हॉप्स-यीस्ट. त्यातही वायनश्टेफानच्या संग्रहातलं एक यीस्ट तर जगभरच्या वाइसबिअरवाल्यांनी जवळ केलेलं. शिधा एकच मिळाला तर स्वयंपाकिणीचा हातच काय तो बोलतो.

याच इतिहासानं आणखी एका पक्षाचं तोंड बंद होतं. हा पक्ष ‘जुनं ते सोनं’वाल्यांचा. बिअरच्या लेबलावरचं साल हा जर्मन माणसाचा मानबिंदू. वायनश्टेफानच्या लेबलावर १०४० आहे, फ्रान्झिस्कानरच्या १३६३, पाउलानर १६३४ सांगते. पण १०४० ची जी सनद दाखवतात, ती अस्सल नसून पुष्कळ नंतर बनवलेली आहे असं इतिहासकार मानतात. वतनाच्या बनावट सनदांची परंपरा ज्या प्रांताला ठाऊक आहे, त्यानं यावर फार आश्चर्य करू नये. उलट सनद खोटी निघाली तरी वतन चालू राहतं, हेही आपण जाणतो. पाउलानरचे साधू जी बिअर गाळत, ती उपासाच्या दिवसांत तगून राहण्यासाठी केलेली दाट आणि कडक बिअर होती. आपली साबुदाण्याची खिचडी जसा उपास साजरा करते, तसाच तो प्रकार. ती वाइसबिअर नव्हती, आणि त्या काळात असती तर राजानं साधूंनाही सोडलं नसतं, कारण गव्हाची मक्तेदारी १७९८ पर्यंत चालली. त्यामुळे लेबलावर १३६३ वाचून बाटलीतल्या गव्हाच्या बिअरला त्या वयाची समजणं म्हणजे घराण्याचा वाडा शिवकालीन आहे म्हणून आजची आमटीही शिवकालीन समजणं. वाइसबिअरपुरतं खरं जुनेपण सांगायचं तर केलहाइम इथली १६०७ सालची ब्रुअरी जुनी. ती आज श्नायडरच्या मालकीची आहे.

श्नायडरचं नाव आलंच आहे तर हेही सांगून टाकू, की मक्तेदारी उठल्यावर वाइसबिअरचा बाजार बहरला नाही, उलट ओसरला. परवाना नसताना जिच्यासाठी लोक झुरत होते, ती मक्तेदारीतून सुटल्यावर कुणी वळून बघेना. लागरचं राज्य आलं होतं. १८७२ साली गिऑर्ग श्नायडर या ब्रुअरनं राजा लुडविग दुसरा याच्याकडून गव्हाची बिअर गाळण्याचा हक्क मिळवला आणि म्युनिकमध्ये स्वतःची ब्रुअरी काढली. हा तोच लुडविग, जो परीकथेतल्यासारखे किल्ले बांधून कर्जात बुडाला. त्याच्या सगळ्या सह्यांपैकी ही सही त्यातल्या त्यात बिनखर्चाची ठरली. १९२८ मध्ये श्नायडर घराण्यानं केलहाइमची ब्रुअरी घेतली, आणि १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत म्युनिकची ब्रुअरी पडली तेव्हा बिअर गाळायला हीच जागा उरली. पण थांबा. इतिहासाचे गुण कुणालाच द्यायचे नाहीत असं आपण आत्ताच ठरवलंय. तेव्हा ते श्नायडरलाही देता येणार नाहीत. न्यायासनावर बसायचं तर घोटाकडेच वळलं पाहिजे.

पहिला घोट का फसवतो? एक तर तो थंड असतो. थंडीत वास निजतात, हे फ्रीजमधला आंबा आणि माजघरातल्या अढीतला आंबा यांचा वास घेतलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. दुसरं, वाइसबिअरमध्ये साध्या लागरपेक्षा वायू जास्त असतो. जिभेवर इतके बुडबुडे फुटत असताना जीभ चव घेत नाही, गर्दी आवरत असते. तिसरं कारण म्हणजे समारंभ. ग्लास थंड पाण्यानं विसळायचा, तिरपा धरायचा, बिअर हळूहळू काठावरून सोडायची, तळाची थोडी बाटलीत राखायची, बाटली गोल हलवून खाली बसलेलं यीस्ट जागं करायचं आणि तो गढूळ शेवट फेसावर ओतायचा. मग ग्लास वरच्या नाजूक काठानं नव्हे, बुडाशी टेकवून किणकिणवायचे. एवढा विधी झाल्यावर जो घोट येतो तो यजमानाच्या पहिल्या वाढीसारखा असतो. त्याला वाईट म्हणायची सोयच नसते. लग्नाच्या जेवणात पहिला वरण-भात सगळीकडे चांगलाच लागतो. स्वयंपाक कळतो तो शेवटच्या ताक-भाताला, जेव्हा भूक संपलेली असते आणि सनई थांबलेली असते.

तळाशी पोचेपर्यंत ग्लासात तीन गोष्टी घडतात. बिअर कोमट नव्हे, पण नरम होते. झोपलेले वास उठतात. वायू बराचसा निघून गेलेला असतो, त्यामुळे बुडबुड्यांच्या आड लपलेला गोडपणा किंवा पाणचटपणा उघडा पडतो. आणि यीस्टचा दाट भाग खाली उतरत येतो, म्हणजे ज्यानं ही बिअर घडवली तो कारागीर शेवटी स्वतः भेटतो. ताक ढवळून न घेणाऱ्याच्या वाटीत वर नुसतं पाणी येतं आणि खरी चव भांड्याच्या तळाशी राहते, तसलंच हे. तीनही कसोट्या एकदम लागतात, आणि त्या ब्रुअरनं लावलेल्या नसून वेळेनं लावलेल्या असतात, म्हणून निष्पक्ष. शिवाय ही बिअर घाईची नाहीच. बव्हेरियात ती सकाळच्या न्याहारीला घेतात, पांढऱ्या उकडलेल्या सॉसेजबरोबर, गोड मोहरी आणि प्रेट्झेल लावून; आणि रिवाज असा की ते सॉसेज दुपारच्या बाराची घंटा होण्याआधी संपवायचं. फ्रीज नसतानाच्या काळातली ही खबरदारी. आज फ्रीज आला, पण रूढी गेली नाही, हेही आपल्याला नवं नाही. मुद्दा असा की गप्पा मारत, सॉसेज सोलत, तासभर पुरवायचं हे पेय आहे. त्याचा तळचा घोट हा अपघात नसून ठरलेला मुक्काम आहे.

आता पाचही जणांना एकेक करून बोलावू. एर्डिंगर पहिली, कारण ती जगातली सर्वांत मोठी गव्हाच्या बिअरची ब्रुअरी म्हणून ओळखली जाते आणि मोठ्यांना आधी बसवायचं असतं. तिची प्रकृती सौम्य. केळं आहे, पण ओळखीचं असल्यासारखं नुसतं हसून जाणारं. लवंग तर दारातूनच डोकावते. पहिला घोट स्वच्छ, मोकळा, उन्हाळ्याच्या दुपारी कुणालाही पटावा असा. पण तळाशी वायू गेला, की सौम्यपणा पुरत नाही. उरतो तो धान्याच्या पाण्याचा सुस्वभाव. सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस शेवटी कुणाच्या बाजूचा होता ते कळत नाही, तसं होतं. पाउलानर उलट. तिथे केळं मोकळ्या मनानं, बबलगमच्या जवळ जाईल इतकं. पहिल्या घोटात मन जिंकते. शेवटच्या घोटात गोडपणा थोडा अंगावर येतो, लग्नातल्या त्या काकांसारखा जे एक जिलबी आग्रहानं घालतात आणि मग थांबत नाहीत. फ्रान्झिस्कानर या दोघींच्या मधली: केळं, त्याच्या कडेला लिंबूवर्गीय आंबटपणाची छटा, आणि अंगानं भरलेली. तळाशी ती पाउलानरपेक्षा नीट उभी राहते, कारण तिच्या गोडाला थोडी धार आहे. पण लवंग मागणाऱ्यानं तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

खरी लढत उरलेल्या दोघींची. वायनश्टेफानर ही बव्हेरिया सरकारची मालमत्ता, म्युनिकच्या उत्तरेला फ्रायझिंगच्या टेकडीवर, जिथे बिअरची विद्या विद्यापीठाच्या पातळीवर शिकवली जाते. सरकारी कारखाना आणि उत्तम माल, हे समीकरण वाचून मराठी वाचकाला ठसका लागेल, पण पुरावा ग्लासात आहे. केळं आणि लवंग इतकी समसमान की एक दुसऱ्याच्या पुढे पाऊल टाकत नाही. पहिला घोट आणि शेवटचा घोट यांच्यात फरक काढावा तर भिंगच लागेल. प्राध्यापकानं लिहिलेली बिअर आहे, शुद्धलेखनाची एक चूक नाही. श्नायडर मात्र दिसायलाच वेगळी, तांबूस, उसाच्या गुळावर गेलेली. तिच्यात लवंग पुढे आहे, मागे भाजल्या धान्याचा पोत, आणि केळं पिकून काळे ठिपके पडलेलं. आंबवण्याची क्रिया ती उघड्या टाक्यांत करते. उंच बंद टाकीतला दाब यीस्टचा वासाचा उद्योग दाबतो, उघड्या टाकीत त्याला मोकळा श्वास मिळतो. पहिल्या घोटात ती पाचांत सर्वांत कमी मनमिळाऊ वाटते. थंडपणी तिची लवंग जरा औषधी लागते, दातदुखीवर आजीनं दिलेल्यासारखी. पण ग्लास अर्धा झाला की ती बोलायला लागते, आणि तळाशी लवंग, पोत आणि पिकलं केळं एकत्र येऊन मसालेभातानंतरच्या शिकरणीचा परिणाम साधतात. बाकीच्या चौघी पहिल्या घोटापासून उतरत जातात किंवा जागच्या जागी राहतात. चढत जाते ती ही एकटीच. कुणाला हे कमी वाटलं तर त्याच घराण्याची आव्हेंटिनुस आहे. १९०७ पासूनची, ८.२ टक्के मद्याची. पण ती या स्पर्धेत नाही. भजनी मंडळात पखवाजाला तबल्याशी लढवत नाहीत.

आक्षेप आता येऊ द्यात. पहिला नेहमीचा, ‘आवड ज्याची त्याची.’ आवड ज्याची त्याची, हे कबूल. पण माणूस आवड सांगताना निर्णय सांगतो, आणि निर्णयाला कारण लागतं. ‘मला एर्डिंगर आवडते’ यावर कुणाचं काही म्हणणं नाही. ‘एर्डिंगर श्रेष्ठ’ म्हणताच साक्षीदार आणावे लागतात. दुसरा आक्षेप खपाचा, की सर्वांत जास्त विकते तीच चांगली, लोक मूर्ख नसतात. लोक मूर्ख नसतातच, पण त्यांना घाई असते. घाईतला माणूस पहिल्या घोटावर खरेदी करतो, आणि खप म्हणजे मुख्यतः पहिल्या घोटांची बेरीज. तिसरा आक्षेप लिंबूवाल्यांचा. ग्लासाच्या काठाला लिंबाची चकती लावली की सगळ्याच चांगल्या लागतात, असं ते म्हणतात. हे खरं आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. लिंबू पिळला की फेस बसतो आणि केळं-लवंग दोघंही लिंबाच्या हाताखाली कामाला लागतात. पोह्यांवर लिंबू पिळावा. पोह्यांना त्याची गरज असते. बव्हेरियात लिंबू मागितलं तर वाढपी देतो, पण ज्या नजरेनं देतो ती पुण्यातल्या दुकानदारानं दुपारी एक वाजता दिलेल्या नजरेहून वेगळी नसते. याच पंथातले पुढचे गृहस्थ म्हणजे क्रिस्टालवाले, ज्यांना यीस्ट गाळून काढलेली काचेसारखी वाइसबिअर हवी असते. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं हे. आणि बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरचं नाव घेऊन मध्येच उठणाऱ्यांना एवढंच, की तिच्यात धने आणि संत्र्याची साल घालतात; ती उत्तम असेल, पण ती फोडणीची आमटी आहे, आणि इथे चर्चा वरणाची चालू आहे.

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाइसबिअर ताजी प्यायची असते. केळ्याचा वास दिवसागणिक फिका होत जातो. समुद्र ओलांडून, गोदामात उकडून, दुकानाच्या दिव्याखाली महिनोन्महिने उभी राहून आलेली बाटली तळाशी जे सांगते तो तिच्या प्रवासाचा वृत्तान्त असतो, स्वभावाचा नव्हे. तेव्हा मुंबई-पुण्यात बसून पाच बाटल्यांचा निवाडा करणं हे, विमानानं आलेला हापूस न्यू जर्सीत चाखून देवगड-रत्नागिरीचा निकाल देण्यासारखं होईल. ही अडचण खरी आहे, पण तीच माझ्या कसोटीच्या बाजूनं साक्ष देते. शिळेपण पहिल्या थंड घोटात लपतं. तळाच्या घोटात लपत नाही. शिवाय या अडचणीवर उपाय आता गावातच आहे. २००९ साली पुण्यात डूलालीनं जागेवरच बिअर गाळायला सुरुवात केली. त्यानंतर अशा मायक्रोब्रुअऱ्या वाढत गेल्या आणि त्यांच्या फळ्यावर हेफेवाइत्सेन, म्हणजे यीस्टसकटची गव्हाची बिअर, नेहमीची झाली. यात नवल नाही. केळं आणि लवंग या वासांवर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हॉप्सच्या कडूपणापेक्षा हे घरचं वाटणारच. इथल्या टाकीतून निघालेली, चार दिवसांची साधी वाइसबिअर पाच महिन्यांच्या खानदानी बाटलीला तळाच्या घोटात हरवू शकते, आणि हरवली तर तसं निःसंकोच म्हणावं. राहता राहिला सरकारचा प्रश्न. बव्हेरियात बिअरला ‘पातळ पाव’ म्हणतात, म्हणजे ती अन्न. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली ती पिण्याचा परवाना आरोग्य राखण्यासाठी मिळतो, म्हणजे ती औषध. एकाच ग्लासाकडे एक सरकार आचाऱ्याच्या नजरेनं बघतं आणि दुसरं वैद्याच्या. औषध म्हटल्यावर ते मात्रेतच घ्यायचं हे ओघानं आलं. आणि एकच ग्लास घेणाऱ्याला तर त्याचा तळ अधिकच मन लावून प्यावा लागतो. जे घेतच नाहीत त्यांच्यासाठी एर्डिंगरची मद्यविरहित वाइसबिअर आहे. जर्मनीत धावण्याच्या शर्यतींच्या शेवटी ती धावपटूंच्या हातात देतात, म्हणजे तळाच्या घोटापर्यंत पोचायला बेचाळीस किलोमीटर पळायचीही तयारी ठेवणारी माणसं आहेत.

तेव्हा निकाल. पहिल्या घोटाचं बक्षीस पाउलानरला. तिनं ते मोठ्या मनानं कमावलंय. सगळ्या ग्लासभर एकसारखं वागण्याचं बक्षीस वायनश्टेफानरला, आणि ज्यांना चढ-उतार सोसत नाहीत त्यांनी हाच निकाल अंतिम मानावा. फ्रान्झिस्कानर तिसरी, एर्डिंगर पाचवी. मात्र तहान लागली असेल तर एर्डिंगर पहिली, कारण तहान ही चवीची न्यायाधीश नव्हे, पण पोटाची असते. आणि तळाच्या घोटाचं, म्हणजे या लेखापुरतं खरं बक्षीस श्नायडरला. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी अपील जरूर करावं. अट एकच : दोन ग्लास शेजारी ठेवावेत, लिंबू दूर ठेवावं, घड्याळ उलटं करावं, आणि ग्लासात दोन बोटं उरेपर्यंत तोंडातून मताचा एक शब्दही काढू नये.